तीन मेंढ्यांच्या पाठीवरची नीळ

आवं डॉक्टर, तुम्ही डॉक्टर नव्हता, जनावरांना लस टोचायला येणारे सरकारी साहेब होता. पण आमच्या कडेगावच्या माळावर सुई धरील तो डॉक्टर. मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच. कागदावर माझा अंगठा तुम्हीच उठवून घ्यायचात आणि शाई पुसायला फडकं द्यायचात.

तुम्ही काठीसारखे बारीक. आमच्या एडक्यानं एकदा ढुशी दिली तर सायकलीसकट बाभळीत गेलात. काटे उपटत म्हणालात, "वयनी, आधी ह्यालाच टोचू." टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर तुम्ही काडीनं निळीचा बारीक ठिपका द्यायचात. आम्ही कळप मोजत नाही, दृष्ट लागते. तेही तुम्ही पाळलंत. नुसतं विचारलंत, "सगळी आली का?"

"आली की," मी म्हणाले.

आली नव्हती. तीन गाभण मेंढ्या मी घरामागच्या खोपीत कोंडल्या होत्या. सुईनं गाभ पडतो, असं सासू म्हणायची. तुमची सायकल वळली आणि मी धुण्याची नीळ कालवून त्यांच्याही पाठीवर अंगठा टेकवला, धन्याला कळू नये म्हणून.

पावसाळ्याच्या तोंडावर रोग आला. बाकी कळप वाचला, त्या तिघी तडफडून गेल्या. धनी तुमच्यावर धावून आला, "निळीची मेंढरं मरत्यात कशी? पाणी टोचलं काय रं?" तुम्ही वाकून त्या पसरट ठिपक्यावरनं हात फिरवलात. एकदा माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "शेवटच्या बाटलीचा बर्फ वितळून लस बिघडली असंल, दादा. चूक माझी हाय."

मी पीठ मळत होते. मळतच राहिले.

पुढच्या साली गावात कुणी तुम्हाला सुई काढू दिली नाही. माझ्या जावेचा सगळा कळप बसल्या जागी गेला. तुमची बदली पाटणला झाली, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी तिथंच तुम्ही वारल्याचं कानावर आलं. आता एक बाई येते टोचायला. ती परत जाईपर्यंत मी खोपीचं दार उघडं ठेवून दारातच बसते. सून हसते. हसू दे.

नात विचारते, कुठं धाडायचं? कुठं धाडणार, बाई. घडी कर आणि ठेव. अक्षर येत नव्हतं म्हणून सांगायचं राहिलं, असं मी तिला म्हणाले आहे. पण इथनं कराडला नि कराडहून पाटणला एसटी रोज जायची, डॉक्टर. आणि तोंड मला तेव्हाही होतं.