कवड्यांच्या माळांची खोली

तेर,
दि. २२ डिसेंबर २०२५

चि. कृष्णराज यास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुम्ही दोघंही असाल. येळवशीच्या अमावस्येला शेतात पूजेला तुमची वाट पाहिली. तुमच्या वाट्याची भज्जी आणि आंबील उरली, ती शेजारच्या शिवानंदच्या पोरांनी संपवली. ज्वारी यंदा झकास आहे. तुझ्या आबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण शेतात जायचं म्हटलं की आपोआप बरा होतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं. कागद मध्येच बोलत नाही.

तर आबांनी तुझा निरोप सांगितला. कंपनीनं वर्षभर घरून काम करायची परवानगी दिली, संक्रांतीनंतर तू आणि सूनबाई सृष्टी इकडं येणार. ऐकून मी गल्लीत साखर वाटली. खरंच वाटली. मग निरोपाचा पुढचा भाग कळला: "आईला म्हणावं, माझी खोली रिकामी कर. तो कवड्यांचा पसारा काढून ठेव." आबा तर लगेच रिकामी पोती घेऊन उभे. म्हणाले, "पोराची खोली हाय, पोराला द्यावी लागंल न्हवं?" मी पोत्यांच्या घड्या घालून परत ठेवल्या.

लॉकडाऊनमध्ये तू त्या बाहेरच्या खोलीत ऑफिस थाटलंस. दारावर कागद डकवलास, 'मीटिंग चालू आहे'. आम्ही घरात चवड्यांवर चालायचो. मी कुकरची शिट्टी उलथन्यानं उचलून धरायची. आबांना खोकला आला की ते गोठ्यात जाऊन खोकायचे. हसू नकोस. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, काम म्हणजे काम. मग तू पुण्याला परतलास, टेबल-खुर्ची राहिली, आणि मी माझ्या कवड्यांच्या माळा घेऊन तिथं शिरले. आयत्या बिळावर नागोबा म्हण हवं तर.

पण त्याला पसारा म्हणू नकोस. भिंतीभर खुंट्या मारून घेतल्यात. तयार माळा उजवीकडं, दुरुस्तीला आलेल्या डावीकडं, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. कवड्या लहान-मोठ्या निवडून बिस्किटांच्या डब्यांत. कात्री, सुया, दोरा टेबलाच्या खणात, पार्सलचे खोके फळीवर. जमिनीवर काही म्हणजे काही नाही. दिवेलागणीच्या आधी टेबल मोकळं करून पुसते, मगच उठते. ही माझी हौस नाही. देवीच्या माळेला पाय लागू नये, ती जमिनीला टेकू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

इथवर लिहून मी उठले, चहा केला, आबांना दिला, उगाच भांडीही घासली. पुढचं लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

दिवाळीत तू आला होतास. मी फराळाच्या गडबडीत, तुला घाईचा कॉल. टेबलावर पेपर अंथरून इरम्माची माळ निम्मी ओवलेली होती. इरम्मा म्हणजे तुळजापूरची आराधीण. तिच्या आईच्या गळ्यातली ती माळ, दोरा कुजून तुटली म्हणून माझ्याकडं दिली होती. ती गळ्यात असल्याशिवाय इरम्मा जोगवा मागायला बाहेर पडत नाही. तू सगळं पेपरसकट उचलून पाटीत ओतलंस, पाटी टेबलाखाली सारलीस आणि कानाला हेडफोन लावून तिच्यावर पाय ठेवून बसलास.

नेमकी त्याच वेळी इरम्मा दारात आली. तिनं पाहिलं. ओरडली नाही. तुझ्या पायाखालून पाटी ओढून एकेक कवडी पदरात वेचली आणि मला म्हणाली, "तुमच्या घरात हिला ठिकाण न्हाय, बाई. माजं मला घिऊन जाऊ द्या."

तू हेडफोन काढून विचारलंस, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, तुझं चालू दे." ते खोटं होतं. मला फार लागलं, कृष्णा. ती तोडून बोलली म्हणून नाही, खरं बोलली म्हणून. सून होऊन या घरात आले, मला चूल मिळाली, देवघर मिळालं, गोठा मिळाला. पण मी ठेवलेली वस्तू मी हलवेपर्यंत जागची हलणार नाही, अशी जागा कुणी दिली नाही, आणि मीही मागितली नाही. आताही मागत नाही. सांगते आहे.

दिवाळी सरल्यावर मी एसटीनं तुळजापूर गाठलं. इरम्मानं बसायला पाट दिला, पण माळ देईना. "पुन्यांदा कुणी पायाखाली घातली तर?" म्हणाली. मी म्हणाले, "इरम्माबाई, खोली माजी हाय. माज्याबिगर तितं कुणी हात लावनार न्हाय." शब्द देताना ती खोली तुझीच होती. परत येताना एसटीत कवड्या मांडीवर घेऊन तोच विचार करत बसले. तेरला उतरले तेव्हा ती माझी झाली होती.

तुला वाऱ्यावर सोडलेलं नाही. मागच्या खोलीतली सोयाबीनची पोती हलवली, आबांनी रुसत रुसत का होईना चुना मारला, गौरीशंकर वायरमन प्लग बसवून गेला. तुझी खुर्ची पुसून तिथं ठेवली आहे. टेबल मात्र देणार नाही. तुझ्यासाठी धुळाप्पा सुताराला खणासकट नवीन सांगितलंय. तिथं रेंज येते, मी स्वतः बघितली. कुकरची शिट्टी आता वाजेल, तेवढं चालवून घे. आणि सृष्टीलाही कामाला एक कोपरा लागेल. तिनं मागायची वाट बघू नकोस.

दारावरचा तुझा कागद मी काढलेला नाही. त्याच्याखाली माझ्या अक्षरात लिहिलंय, 'चप्पल बाहेर काढावी. हाक मारून आत यावं.' आबा आता खोकून येतात. तू हाक मारून ये.

माळ ओवून झाली आहे, खुंटीवर आहे. संक्रांतीनंतरच्या मंगळवारी इरम्मा न्यायला येईल, तेव्हा तू घरी असशील. दार मी उघडीन. पाण्याचा तांब्या तू आणायचास, आणि ती जे बोलेल ते हेडफोन काढून ऐकायचंस.

या लवकर. वाट बघते.

तुझी आई,
द्वारका
मुक्काम बाहेरची खोली, तेर