परतीची रिकामी गाडी

२ मार्च, सकाळी ७.१०
काल नगरपालिकेचा इंजिनिअर येऊन गेला. हॉलच्या भिंतीतली भेग बघितली, वर छताकडे बघितलं, आणि म्हणाला, घर धोकादायक आहे, महिन्याभरात रिकामं करा. मला हसूच आलं. हे घर आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. वरचा मजला तर कुणालाही न विचारता चढवला. जाताना इंजिनिअरने भेगेवर कागदाची एक पट्टी आडवी चिकटवली. पट्टी फाटली तर भेग वाढतेय असं समजायचं म्हणे.

तरी आईचं वय आणि मुलीचा पलंग त्याच भिंतीला लागून, हे लक्षात घेऊन मोठ्या मनाने निर्णय घेतला. घर सोडायचं. खर्च सगळा मी करणार. बायकोच्या पगाराला हातही लावायचा नाही.

पंधरा वर्षं लोकांची बिऱ्हाडं हलवणाऱ्या कंपनीत एस्टिमेटर आहे. घरात एक चक्कर मारतो आणि नुसत्या नजरेने सांगतो, किती खोकी, किती नग, कोणती गाडी. स्वतःचं घर हलवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे.

२ मार्च, संध्याकाळी
योजना तयार.
डिपॉझिट: एका प्रोफेसरांचं बिऱ्हाड हलवायचं काम आलंय, त्याचं कमिशन.
गाडी: फुकट.

फुकट कशी, ते बायकोला समजावलं. सामान पोचवून आमच्या गाड्या रिकाम्या परत येतात. परतीची गाडी आपल्या वाटेवरची असली की झालं. कंपनीचे मालक म्हणाले, न्या, भाडं नको, फक्त हमालांची मजुरी द्या. बायको म्हणाली, छोटा टेम्पो लगेच मिळतो. घरात तज्ज्ञ असताना टेम्पो!

५ मार्च
पट्टी फाटली. कागद हलका होता, सरकारी. जाड कागदाची नवीन लावली.

७ मार्च
जाड कागदही फाटला. मग डोकं चालवलं. ऑफिसमधून खोकी बंद करायची ब्राऊन टेप आणली आणि भेगेवर तीन पदरी मारली. ती ताणली जाते, पण तुटत नाही. म्हणजे भेगेची हालचाल थांबली. इंजिनिअरला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

९ मार्च, दुपारी
प्रोफेसरांच्या घरी सर्व्हे. एक चक्कर, एक नजर. पंचावन्न खोकी! प्रोफेसर थक्क झाले, चहा प्यायचेच थांबले.

घरी आलो तर बायको जागा बघून आलेली. दोन खोल्या, तळमजला, तिच्या पॅथॉलॉजी लॅबच्या वाटेवर. मी म्हटलं पसंत. पत्ता सांगत होती, म्हटलं नंतर दे. डिपॉझिट पंधरा तारखेला देतो. घरमालकीण तेवढं थांबणार नाही म्हणे. माझं नाव सांग म्हटलं.

११ मार्च
परतीची गाडी होती, पण उलट्या दिशेची.

१३ मार्च
आज गाडी योग्य दिशेची. तिच्यात आधीच कुणाच्या तरी दोन म्हशी होत्या. नाही म्हटलं. आईने म्हशींबरोबर प्रवास करावा हे मला पटत नाही.

१४ मार्च, संध्याकाळी
जेवताना सर्वांसमोर छोटंसं व्याख्यान दिलं. विषय: कमी सामान, सुखी माणूस. पाऊण तास. आईचा डोळा लागला, पण बायको मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, बरोबर आहे, सामान कमीच करायला हवं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत.

१५ मार्च
प्रोफेसरांचं काम झालं. माळा बघायचा राहिला होता. माळ्यावर चाळीस वर्षांची मासिकं निघाली. एकशे तीस खोकी. दुसरी गाडी मागवावी लागली आणि तिचं भाडं मालकांनी माझ्या कमिशनातून वळतं केलं. कमिशन आता शून्याच्याही खाली आहे. माळा असल्याचं ज्याचं त्याने सांगायला नको का? शिकलेली माणसं असं वागतात.

संध्याकाळी बायको म्हणाली, चावी मिळाली. छान, म्हटलं. कसली ते विचारायचं राहिलं.

१७ मार्च, सकाळी ६.३०
बायकोने लॅबमध्ये जादा ड्युटी घेतलीये. अंधार फिटायच्या आत निघते. स्कूटरवर पुढे एक पिशवी, मागे एक पिशवी, खांद्यावर एक. डबा फारच मोठा न्यायला लागलीये.

मिक्सर दिसत नाही. विचारलं तर नेला म्हणाली. दुरुस्तीला असावा.

१९ मार्च
माझ्या व्याख्यानाचा परिणाम दिसू लागला! स्वयंपाकघरातली फळी मोकळी. भिंतीतल्या कपाटात फक्त माझे शर्ट. बोललं की आवाज घुमतो. याला म्हणतात सुटसुटीत राहणी. मुलीला सांगितलं, बघ, बापाच्या शब्दाला किती वजन आहे. ती तिच्या आईकडे बघून हसली.

२० मार्च
आई 'तिकडे' गेली. तिकडे म्हणजे मावशीकडे. जाताना उशी, औषधांचा डबा आणि शिलाई मशीन घेऊन गेली. चार दिवसांसाठी शिलाई मशीन? पण बहिणी-बहिणींमध्ये आपण पडू नये.

२२ मार्च
परतीची गाडी आमच्या वाटेवर. रिकामी. म्हशी नाहीत. आनंदाने ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. चार वाजता फोन आला, गाडी घाटात बंद पडली. चहाचे पैसे गेले ते गेलेच.

टेप ठणठणीत.

२४ मार्च, संध्याकाळी ७
बायकोशी वाजलं. ती म्हणाली, मुलीचा पलंग आजच्या आज हलवायचा. मी म्हटलं, दोन दिवसांत गाडी येतेय, एकच वस्तू दोनदा उचलायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तिने ऐकून घेतलं. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पलंग सुटा केला. हातगाडीवाला बाहेर उभाच होता. पलंग गेला, पाठोपाठ मुलगी गेली, बायकोही गेली. मलाही चल म्हणाली. मी म्हटलं, गाडी कधीही येईल, इथे जाणता माणूस हवा.

आतल्या खोलीत एकटाच आहे. शांत वाटतंय.

२५ मार्च, सकाळी ६.०५
पहाटे हॉलमधलं छत पडलं. सगळं नाही. स्लॅबचा एक तुकडा, साधारण दोन खोक्यांएवढा. मुलीच्या पलंगाची उशी जिथे असायची, बरोबर तिथे.

टेप तुटलेली नाही. एका टोकाने भिंतीला लोंबकळतेय.

मी तिथे जाऊन उभा राहिलो. खाली बसलो. तिथे तिची उशी असते. काल संध्याकाळपर्यंत होती. मी दोन दिवस म्हणालो होतो. इतका घाबरलो की रडलो. हे कुणाला सांगणार नाही.

२५ मार्च, सकाळी १०
बायको धावत आली. आधी मला दोन्ही दंडांना धरून हलवून बघितलं, मग बोलली. खूप बोलली. त्यातून कळलं ते असं: डिपॉझिट दहा तारखेलाच दिलंय, तिने, जादा ड्युटीचा अॅडव्हान्स घेऊन. चावी पंधराला मिळाली. आई मावशीकडे नाहीच, नव्या घरी आहे. मिक्सरही तिथेच. हे सगळं तिने मला वेळोवेळी सांगितलं होतं म्हणे.

थोडक्यात, माझ्या योजनेचा पहिला टप्पा वेळेआधी पूर्ण झाला.

आत्ताच्या आत्ता चल म्हणाली. बाकीच्या सामानाचं काय? गाडीचं मालकांना सांगून बसलोय. शेवटी एकच तोड निघाली: रोज ऑफिसात झोपायचं. सामान इथे, मी तिथे.

२८ मार्च
मिळाली! बावीस फुटी! आपल्याच वाटेवरची, रिकामी, झाडून पुसून स्वच्छ. उद्या सकाळी आठला. बरोबर मुकादम, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, आणि चार हमाल. मालकांनी विचारलं, सामान किती? मी नजरेनेच सांगितलं, साठ खोकी, वीस नग.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, एवढी गाडी कशाला? मी म्हटलं, उद्या बघच.

२९ मार्च, संध्याकाळी
गाडी थाटात दाराशी लागली. शेजारीपाजारी बघायला जमले. पैलवान आत गेला, सगळ्या खोल्या फिरला, माळासुद्धा बघितला, आणि बाहेर येऊन विचारलं, साहेब, सामान कुठाय?

माझी खाट होती. एका खोक्यात माझे शर्ट, ही वही आणि टेपची दोन रिळं बसली. खोकं अर्धं रिकामं राहिलं म्हणून पैलवानाने त्यात रद्दी कोंबली. चार हमालांनी खाट चार कोपऱ्यांना धरून चढवली. बावीस फुटांत ती कुठे गेली ते दिसेना.

मग ड्रायव्हरने पत्ता विचारला. मला माहीत नव्हता. मुलीला फोन लावला, तिने शाळेच्या मधल्या सुट्टीत सांगितला.

गल्ली अरुंद निघाली. गाडी शिरेना. शेवटचं अंतर खाट हमालांच्या डोक्यावर, खोकं पैलवानाच्या खांद्यावर, आणि मागे मी.

घर लावून झालेलं होतं. खिडकीशी मशीनवर आई पडदे शिवत होती. पलंगावर मुलीचं दप्तर. छत मी बराच वेळ बघत उभा राहिलो. एकही भेग नाही. भिंतीलगत बरोबर खाटेएवढी जागा सोडलेली होती. बायकोने टेपने मोजून ठेवली होती, मोजायच्या टेपने.

पाच जणांची दिवसभराची मजुरी झाली. माझ्याकडे पुरेसे पैसे नव्हते. बायकोने दिली. टेम्पो याच्या निम्म्यात आला असता, हे ती बोलली नाही. मी वाट बघत होतो, पण बोलली नाही.

पैलवानाने पावती भरायला घेतली. माल काय लिहू, विचारलं. बायको म्हणाली, तीन नग लिहा. खाट, खोकं, आणि हे. पैलवानाने न हसता तसंच लिहिलं.

पावतीच्या तळाशी 'माल सुस्थितीत मिळाला' अशी ओळ असते. तिथे माल घेणाऱ्याने सही करायची. पंधरा वर्षांत मी अशा हजारो सह्या घेतल्यात. बायकोने पेन घेतलं, मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं, आणि सही केली.