फॉर्मातून सुटलेलं माहेर

५ जाने.
सात रस्ता चौकातल्या दवाखान्यात तपासणी. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, औषधं चालू. गाठ परत नाही. पण तीन भाकरी थापल्या की धाप लागते, चौथी जरा टेकून. हे म्हणतात, चौथी मला नकोच. खातात मात्र.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध तेच, पण त्यानं एकीला दम लागतो, एकीला नाही. रक्तातूनच काही उतरत आलेलं असतं का, ते शोधतायत. रक्त दिलं. फॉर्म घरी आणला. घराण्यात कुणाला दम, कुणाला गाठ, ते लिहायचं.

८ जाने.
फॉर्म स्वतः भरला. पोरांच्या पाटीवर शिकलेलं अक्षर, पण सुबक. सासूबाईंचा दमा, नणंदेची धाप, चुलत सासऱ्यांचा खोकलाही सोडला नाही. जागा पुरेना, मागच्या बाजूला लिहिलं.

१२ जाने.
फजिती. फॉर्म बघून नर्स सुरेखा हसत सुटली. "आजी, ही सगळी आजोबांची माणसं. तुमच्या रक्तात कुठून येणार?"
खरंच की. पन्नास वर्षं घराणं म्हटलं की हेच. आडनाव बदललं, कुलदैवत बदललं, रक्तही बदलल्यासारखं लिहून गेले. मीही हसले, हसता हसता धाप.
नवा फॉर्म. आई दळताना मधेच थांबायची, आम्ही म्हणायचो चुलीचा धूर. मावशी छातीच्या दुखण्यानं गेली, घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. आणि धाकटी बहीण शांता? तिचं काय लिहू?

१८ जाने., मंगळवेढा
एसटीनं शांताकडं. हुरडा, शेंगाचटणी, लाड. शेतातून येताना बांधावर दोनदा थांबली. एकदा चप्पल नीट केली, एकदा उगाच आभाळ बघितलं. मला बरंच झालं.
विचारलं तर, "लई चौकशा तुझ्या. मला काय न्हाय."
संध्याकाळी भाकरी. तिसरी झाली नि तिनं परात माझ्याकडं सरकवली. माझ्याकडं! दोघी बघत राहिलो, मग हसू आवरेना. चौथी शेवटी तिच्या मालकांनी थापली. भाकरी कसली, नकाशा.

१९ जाने.
निघताना स्टँडवर शांता हळूच म्हणाली, "काखेजवळ काय तरी लागतंय हाताला. दाखवायचं भ्या वाटतंय."
म्हटलं, "मीबी भ्यालेच हुते. आता बघ, तुझ्याशी भांडाय आले की न्हाय?"
शांता गाडी सुटेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभी.

२७ जाने.
शांता आली. एकटी! लिफ्टमध्ये बसायची नाही म्हणून दवाखान्याचे दोन मजले जिन्यानं. प्रत्येक वळणावर टेकत. "तूच दमलीस." "तूच." वरून सुरेखा, येताय का चहा खाली पाठवू?
तिचंही रक्त घेतलं. आता छातीची तपासणी. मी बाहेर बाकावर. फॉर्मात आई, मावशी भरून झाल्या. शांतापुढं 'दम: होय'. 'गाठ:' पुढची जागा कोरी.
आत जाताना पिशवी माझ्याकडं देऊन म्हणाली, "हुरडा हाय. एकटी खाऊ नगंस."
पिशवी मांडीवर आहे. उघडलेली नाही.