बिनदाराची बाकं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चर्चमधली जुनी बाकं वाळवीने खाल्ली. नवी चोवीस करायचं काम फादरांनी मला दिलं आहे. नमुन्याचं एक बाक करून गेले आठ दिवस येईल त्याला बसवून बघतोय. पाठ सरळ ठेवली तर म्हाताऱ्यांची कंबर धरते, जास्त कलती ठेवली तर प्रवचनात सगळे घोरतील. फादर म्हणाले, मधलं काहीतरी काढ. शेवटी चार बोटं कल ठरला.

भानगड पहिल्या रांगेची आहे. तिथे खाणमालकाच्या घराण्याचं राखीव बाक तीन पिढ्या होतं, दुसरं कुणी बसू नये म्हणून दार-कुलूप लावलेलं. सभेत ठरलं, यापुढे कुणालाच दार नाही. खाणमालक उठून म्हणाला, माझ्या जागेला हात लावणाऱ्याचे हात मोडीन. त्याच्या मागे त्याचा मुकादम उभा होता. म्हणजे तुझा नवरा. त्याला दाजी म्हणायला माझी जीभ आता वळत नाही. माझ्याकडे बघून हसला.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा रंध्या

९ मार्च

चि. रंध्यास,
अ. आ.

शाळेत असताना पट्टीने माझ्या वेण्या मोजायचास, तेव्हाच ओळखलं होतं की हा सुतार होणार. चार बोटं कल काय, अडीच बोटं म्हणाला नाहीस हेच नशीब!

खाणमालकाला एक दार करून दे आणि मोकळा हो. लाकूडच ना ते? त्याच्या मुकादमाचा हात कसा चालतो ते मला ठाऊक आहे, म्हणून तर सहा वर्षं इथे शाळेत शिकवून एकटी राहते. समोरचा खाली पडला की त्याला जास्त चेव येतो. त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

जेवणाची हेळसांड नको. माया करणारी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मी धड आहे. काल दुपारी चर्चमध्ये बाकं बसवत होतो. तुझा नवरा तिघांना घेऊन आला. पहारी, कुऱ्हाडी. अकरा बाकं माझ्यादेखत फोडली. सागाच्या चिरफळ्या वेदीपर्यंत उडाल्या. म्हातारा घंटावाला आडवा गेला, तर तुझ्या नवऱ्याने पहारीने त्याचं कपाळ फोडलं. एक कुऱ्हाड माझ्या कानाजवळून जाऊन खांबात रुतली. माझ्या हातात मोठा हातोडा होता, तो मी तुझ्या नवऱ्याच्या कोपरावर घातला. तो पडला, बाकीचे पळाले.

पोलिसांनी खाणमालकालाही उचललं. फौजदार म्हणाले, जीव वाचवायला मारलंस, तुझ्यावर काही येत नाही. सगळे पाठ थोपटताहेत.

रंध्या

२६ मार्च

चि. रंध्यास,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. इस्पितळातल्या माझ्या नर्स मैत्रिणीचंही आलं. त्याचं कोपर मोडलंय, डावं गळ्याचं हाड मोडलंय आणि तीन बरगड्या. एका घावात एवढं मोडत नाही. तो पडल्यावर तू काय केलंस?

खरं लिही.
ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न.

तो पडल्यावर पुरे म्हणाला. दोनदा म्हणाला. मी त्याच्या गळ्याचं हाड बोटांनी चाचपलं. डावं, त्याने तुझं मोडलं होतं तेच. नीट जागा बघून घाव घातला. बरगड्या लाथांनी. ताई, तेव्हा मला बरं वाटलं. फुटक्या बाकांचं तर मनातही नव्हतं. रक्ताने डोळे भरलेला घंटावाला पाठीमागून माझ्या गळ्यात पडला, तेव्हा थांबलो.

आज फादरांना सगळं सांगितलं. फौजदार रजेवर आहेत. अकरा तारखेला ते येतील, तेव्हा जबाब बदलायला जाईन. बहुतेक आत टाकतील. मापं दुसऱ्या सुताराला दिली आहेत.

तुझी माया मागायला आता तोंड नाही.
रंध्या

४ एप्रिल

चि. रंध्यास,
अ. आ.

दहा तारखेच्या गाडीने येते. अकराला पोलीस ठाण्यात तुझ्या बाजूला बसेन, पण तुझ्या बाजूने बोलणार नाही. फौजदार मला विचारतील, तर गप्प राहीन. तो पुरे म्हणाला होता, हे तुझ्याच तोंडून निघू दे. राग आला तर येऊ दे.

माझं हाड मोडलं त्या दिवशी मीही पुरे म्हणाले होते. दोनदाच.

माया आटलेली नाही.
तुझी ताई