कवठी चाफ्याची बारावी काडी

जबलपूर,
९ जुलै २०२४

प्रिय माधवीताई,

सा. न. वि. वि. इकडे पाऊस, डास आणि मी, तिघंही मजेत. आईच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली, तिला आता सुईत दोरा ओवता येतो हे कळलं. आनंद झाला. घाबरलोही.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, काहून की घरी फोन केला की आई स्पीकर लावून बसते. रोज विचारते, "आज चाफ्याला किती फुलं रे?" मी "दोन" सांगतो. काल उत्साहाच्या भरात "चार" म्हणून गेलो.

"भय्यासाहेबांच्या फोटोला वाहिली ना?"

"हो तर!"

फोन ठेवल्यावर तुझी भावजय विनता म्हणाली, "उद्या हारच घाला बाबांना."

बरं, तुला मुळांची पावडर माहीत आहे? झाडांचंच हार्मोन, पण कारखान्यात बनवलेलं. कापलेल्या काडीला लावलं की मुळं फुटतात म्हणे. घमापूरचा दुकानदार बजावत होता, "भैया, बस ज़रा-सा छुआना, फिर झटक देना." पण आपल्या घरात चिमूटभरावर कधी कोणाचा विश्वास होता? अळूच्या पानाला बेसन थापावं तशी मी अकरा काड्यांना थापली. बारावीच्या वेळी डबी संपली. तिला डबीच्या तळाशी नुसती पुसून घेतली. पंधरा दिवसांत अकराही बुडापासून काळ्या पडल्या. दुकानदाराला नेऊन दाखवल्या.

"दवाई थी भैया, उबटन नहीं."

तू म्हणशील, अंगणात एवढं झाड असताना काड्या कशाला लावून राहिला?

ताई, झाड नाही.

मे महिन्यात तू आईला नागपूरला नेलंस, त्यानंतर आठव्या दिवशी मी ते तोडवलं. गाडीच्या शेडसाठी. गाडीला सावली हवी होती! भय्यासाहेब रिटायर झाले त्या वर्षी त्यांनी लावलेलं, आईने स्वतःच्या चहाआधी पाणी घातलेलं झाड एका दुपारीत टेम्पोत गेलं. विनताने निघत्या टेम्पोतून बारा काड्या ओढून घेतल्या, म्हणून तेवढ्या तरी मिळाल्या. मनात म्हटलं होतं, आईला तसंही धूसरच दिसते. असं मी खरंच म्हटलं, ताई. आणि तू तिकडे तिचे डोळे लख्ख करून आणलेस.

आईला आणखी महिनाभर ठेवून घे, हे लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले.

बारावी काडी हिरवी आहे. मी रोज उपसून पाहीन म्हणून विनताने ती काचेच्या ग्लासात लावून देवघराच्या खिडकीत ठेवली, आणि मला हात लावायची बंदी केली. आज सकाळी काचेलगत एक पांढरा धागा दिसला. विनता म्हणते मुळी. मला बुरशी वाटते. ती माझी कीव करून राहिली असेल.

रविवारी आईला घेऊन येशील तेव्हा नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की मला फोन कर. आईला वाटेत काही सांगू नकोस, ते मीच सांगेन. ग्लास घेऊन फाटकाबाहेर उभा राहतो. अंगण दिसायच्या आधी तिला मी दिसलो पाहिजे. तो धागा कसला आहे, ते तीच पाहून सांगेल. तिचे डोळे आता चांगले आहेत.

फाटकाबाहेर उभा असलेला,
तुझा यशोधन