ह्यांच्या जागी खिंडीत

गुरुवार, ४ सप्टेंबर

जायचं ठरलं! ठरवलं मीच, आणि आता घाबरतेयही मीच.

मास्तर आले होते, ह्यांच्या डोंगर चढणाऱ्या टोळीचे म्होरके. टोळी दर वर्षी मोठी खिंड ओलांडते. हे कधी चुकले नाहीत. यंदा खुर्चीत. झटक्यानं उजवी बाजू गेली आणि बोलणं तर पारच गेलं. मास्तर उठता उठता म्हणाले, "वहिनी, यंदा त्याच्या जागी तुम्ही या." मी हसण्यावारी नेलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

नणंद म्हणाली, "जा गं, दादाकडे मी बघते."

शुक्रवार, ५ सप्टेंबर

बोलणं शिकवायला येते ती मुलगी पुन्हा बजावून गेली — सतत बोलत राहा त्यांच्याशी. हे मला सांगायला हवं? दिवसभर ग्रंथालयाच्या नोकरीत तोंडाला कुलूप, घरी आले की खंड नाही! लग्न झाल्यापासून असंच. पण उत्तरच येत नाही ना. ह्यांचा आवाज आठवायला हल्ली डोळे मिटावे लागतात.

रविवार, ७ सप्टेंबर

लिहिणारा हात तेवढा माझा आहे. पाय कुणाचे कोण जाणे!

आधी झाडं संपली, मग गवत, मग नुसती खडी. एक पाऊल वर, अर्धं खाली. मी तोंडाचा पट्टा चालूच ठेवलेला. टोळीतली सगळ्यांत धाकटी दातांची डॉक्टर आहे, ती म्हणाली, "काकू, तोंड मिटा. एरवी मी लोकांना उघडायला सांगते!" खिंडीच्या जरा खाली मी बसकणच मारली. म्हटलं, मी इथेच थांबते, येताना न्या. "येताना दुसरी वाट आहे," मास्तर म्हणाले. उठले झालं.

वर पोचलो. दोन्हीकडे दऱ्या, खाली ढगांच्या सावल्या सरकतायत. आणि हे सगळं ह्यांनी माझ्याशिवाय पाहिलंय, इतकी वर्षं!

मास्तरांनी एक सपाट दगड दाखवला. "इथे बसायचा तो. एकटाच. आम्ही हाकही मारायचो नाही."

"का?"

"एकदा विचारलं, तर म्हणाला, वर्षभराची शांतता भरून घेतो. घरी रेडिओ चालूच असतो."

सगळे हसले. मीही हसले.

मग जाऊन त्या दगडावर बसले. आधी राग आला. असा आला की वाटलं, घरी जाऊन चांगलं ऐकवावं! पण कुणाला? मग राग ओसरला आणि नुसते हे हवेसे झाले. काही बोलायला नको, काही नको. कोपराला कोपर लागलेलं असावं, बस. जागाही होती शेजारी.

उतरताना मुद्दाम मागे राहिले. तोंड दिसायला नको कुणाला.

सोमवार, ८ सप्टेंबर

नणंदेला म्हटलं, छान झालं. ह्यांना काहीच सांगितलं नाही. भरवलं, तोंड पुसलं, चादर बदलली. एक शब्द नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

अजून गप्प. काय जड जातंय! ग्रंथालयात आज कुणीतरी स्वयंपाकाची पुस्तकं नेऊन घोड्यांच्या रोगांशेजारी लावली होती — जिभेच्या टोकावर आलं होतं सांगायचं. गिळलं. आता तरी मिळू दे शांतता त्यांना, डोंगर काही घरात आणता येत नाही. हे एकटक माझ्याकडे बघत असतात. सुखावले असतील.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

संध्याकाळी ह्यांची नखं कापत होते. मुकाट्यानं. ह्यांनी डावा हात ओढून घेतला आणि माझी हनुवटी धरली. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताठल्या. मला वाटलं, पुन्हा झटका!

"बोल..." म्हणाले. आणि मग, केवढ्या कष्टानं — "ना."