माझ्या नावाचा बोकड

फेब्रुवारी, नव्या वर्षाचा पांढरा महिना लागायच्या आधीचा मंगळवार

प्रिय दाशझेवेगदादा,

हिवाळा सुखाचा चाललाय ना? जनावरं अंगानं भरलेली आहेत ना? वहिनीचे गुडघे, पोरांची शाळा, तुझा खोकला, सगळं बरं?

तू आत्ता मान हलवून "बरं, शांत" म्हणाला असशील. आपल्या माणसांच्या गेराला, राहत्या तंबूला आग लागली असली तरी कुणी विचारलं की आधी "सगळं बरं" म्हणायचं, पाहुण्याला चहा द्यायचा आणि खरं काय ते दुसऱ्या वाटीला सांगायचं. फोनवर दुसरी वाटी येतच नाही. सगळ्या शरद ऋतूत मी दर फोनला विचारलं, जनावरं कशी आहेत, आणि दर फोनला तू म्हणालास, बरी. मीही आपल्यातलीच, मीही पुढे विचारलं नाही. म्हणून आता कागदावर विचारतेय, आणि ही विचारपूस रीतीची नाही.

हे पत्र वाचून होईपर्यंत एक कर. गेराच्या दोऱ्या सोडू नकोस, मुक्काम हलवू नकोस. सोडल्या असशील तर परत बांध. मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि वहिनीवर डोळे वटारू नकोस. तिला तुझी काळजी आहे म्हणून ती बोलली.

खरं तर आधी इकडची खुशाली लिहायची असते. मी बरी आहे. जेवते, झोपते, म्हणजे झोपायला जाते. वहिनीनं पाठवलेलं वाळवलेलं दही माझ्याबरोबरच्या शहरी पोरींनी दात तुटतील तुटतील म्हणत संपवलं. दारासाठी नवी जाड चादर घेतली आहे, तुझ्यासाठी तंबाखू घेतली आहे. माझ्या हातांना जंतुनाशकाचा वास कायमचा चिकटलाय. आणि या महिन्यात इतकी सैगा हरणं माझ्या हाताखालून गेली, पण जिवंत एकही नाही.

हे इतक्या लवकर लिहायचं नव्हतं.

आपल्या खोऱ्याचा वनरक्षक पुरेवजाल, ज्याला तू हरणांचा जावई म्हणून चिडवतोस, त्यानंच मेलेल्या हरणांच्या नाकातला स्राव आणि फुप्फुसाचे तुकडे बर्फाच्या डब्यांतून आमच्या प्रयोगशाळेत पाठवले. बर्फावर कशी पडली होती ते त्यानं मला सांगितलं. ती सोंडेसारखी मऊ नाकं शेंबडानं भरलेली, डोळे चिकटलेले, आणि पिल्लं आयांच्या पोटाशी. सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. मी तपासणी लावली आणि यंत्राच्या पडद्यावर एकेक रेघ वर चढायला लागली. बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांना मारणारी तीच साथ. मग आम्ही त्या विषाणूची बांधणी शरद ऋतूत तुझ्या शेजारच्या चोइनखोरच्या शेळ्या ज्यानं मेल्या त्याच्याशी ताडून पाहिली. तोच तो. म्हणजे हरणांनी आपल्याला काही दिलेलं नाही, दादा. आपल्या जनावरांनी हरणांना दिलंय.

तुझा कळप वाचला, कारण लस टोचणारे आले तेव्हा तू शहाण्यासारखा सगळी जनावरं घेऊन उभा राहिलास. तुझं नाव चांगलं उदाहरण म्हणून आमच्या कार्यालयात घेतात. सगळी जनावरं, फक्त एक सोडून.

आपला बोकड कसा आहे? अजून दारातून आत घुसतो का? माझी टोपी खाल्ली होती, आठवतंय? शरद ऋतूत त्याचं नाक वाहत होतं का? खाणं सोडलं होतं का त्यानं? या प्रश्नांची उत्तरं मला देऊ नकोस. मला माहीत आहेत.

खारट मातीच्या त्या खळग्यापाशी, जिथे हरणं चाटायला येतात, पुरेवजालनं फोटो घेणारी पेटी लावून ठेवली होती. एका फोटोत हरणांच्या घोळक्यात एक बोकड उभा आहे. मान खाली, नाकाखाली ओलं चकाकतंय, आणि मानेत लाल, निळी आणि पिवळी फीत. पिवळी फीत माझ्या पदवीच्या दिवशीच्या अंगरख्याच्या काठाची आहे. ती मीच कापून दिली होती आणि तू ती बांधताना त्याच्या कानात माझं नाव सांगितलं होतंस. सोडलेल्या बोकडाला कुणी हाकत नाही, त्याला वाटेल तिथे तो जातो. तो तिथे गेला.

तो फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला तेव्हा आम्ही सगळे बसलो होतो. आमचे साहेब, डॉक्टर लुव्सानजाव, म्हणाले, "कुणाचा आहे हा?"

कुणाला माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं, निदान काही दिवस.

"माझा," मी म्हणाले.

"तुझा?" साहेब हसले. "तू तर चौथ्या मजल्यावर राहतेस."

"माझ्या नावानं सोडलेला आहे. माझ्या भावानं."

मग कुणी हसलं नाही. तिथे बसलेल्या सगळ्यांच्या घरी कुणा ना कुणाच्या नावानं असं एखादं जनावर सोडलेलं आहे. त्याला मारायचं नाही, विकायचं नाही, त्याची लोकर कापायची नाही आणि त्याचं रक्त सांडायचं नाही. सुई म्हणजे रक्त, म्हणून लस टोचणारे आले तेव्हा तू त्याला गोठ्यामागे लपवलंस. हे त्यांना समजावून सांगायची मला गरज पडली नाही. एक जण म्हणाला, आख्खा कळपच संपवावा म्हणजे प्रश्न मिटला. त्याचं नाव मी तुला सांगणार नाही, तू त्याला शोधत शहरात येशील. साहेबांनी त्याला थांबवलं. आधी बोकडाचं रक्त बघू, मग ठरवू, असं त्यांनी सांगितलं.

त्याच दिवशी मी तुला फोन केला. तू काय म्हणालास ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "नारा, तू दिवसभर रोगांच्या तोंडात हात घालतेस म्हणून मी त्याला सोडला. त्याला टोचलं तर तुला कोण राखणार?" आणि तू फोन ठेवलास. रागानं ठेवलास असं मला वाटलं होतं. वहिनी म्हणाली की तू रडत होतास.

मी शिकलेली आहे म्हणून मनात तुला हसते असं तुला वाटतं. मागच्या वर्षी काम करताना माझा हातमोजा फाटला. हातातल्या नळीत काय होतं ते लिहीत नाही. हात धुतला, नियमाप्रमाणे जे करायचं ते केलं आणि मग जिन्यात जाऊन बसले. तिथे मला कुठलं पुस्तक आठवलं नाही. तुझा तो हट्टी, वास मारणारा बोकड आठवला आणि बरं वाटलं. तेव्हा हसणार तरी कोणाला?

पण त्यानं मला राखलं आणि हरणांना मारलं. दोन्ही खरं आहे. आणि ही गोष्ट माझ्यासाठी घडली. तू माझ्यासाठी त्याला टोचू दिलं नाहीस. म्हणून मी हे दुसऱ्या कुणावर ढकलून शहरात बसू शकत नाही.

आता नीट ऐक. जे जनावर या रोगातून उठतं ते सहसा तो पुढे बाळगत नाही. तो उठला असेल तर त्याचं रक्तच सांगेल की हा लढून जिंकला. मग त्याला कुणी हात लावणार नाही, मी तसं साहेबांकडून लिहून घेतलंय. नाकात अजून विषाणू निघाला तर काय होईल ते तुला माहीत आहे. मी खोटा धीर देत नाही. मला स्वतःलाच धीर नाही. सकाळपासून हे पत्र लिहितेय, मध्येच उठते, उगाच डबे मोजते, परत बसते. बाहेर पुरेवजाल फटफटी तापवत बसलाय आणि दर थोड्या वेळानं दारातून डोकावून विचारतोय, झालं का.

हो, पुरेवजाल. पत्र तोच आणून देतोय, कारण मी उलानबातरमध्ये नाही. वर गावाचं नाव घातलं नाही, ते मुद्दाम. मी इथे आहे, आपल्या जिल्ह्याच्या गावात, जुन्या लोकर-गोदामात. साहेब म्हणाले होते, तू भावाकडे येऊ नकोस, दुसऱ्याला पाठवू. मी नाही म्हणाले. उद्या दुपारी आमची गाडी ओढ्यावरून वर वळेल आणि पुढच्या बाकावर मी असेन.

त्या वळणावर मला तुझ्या गेराचा धूर दिसू दे, दादा. दिसला तर मी तुझ्याकडे चहा प्यायला आलेली बहीण आहे. नाही दिसला तर बर्फात गेराचा काळा गोल उरलेला असेल, आणि गाडीतले सगळे माझ्याकडे बघतील. कारण तू कुठे गेलास हे फक्त मला माहीत असेल. वादळाच्या साली बाबा आपल्याला घेऊन ज्या खिंडीतून पलीकडे उतरले होते, तिथेच. पलीकडे जी उरलीसुरली हरणं आहेत, उन्हाळ्यात त्यांच्या माद्या तिथेच वितात. तिथल्या कळपांना अजून कुणी लस टोचलेली नाही.

ती खिंड मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. उद्या मला विचारलं तर मी सांगेन. हेच फोनवर म्हणवत नव्हतं.

तेव्हा थांब. रक्त मीच काढणार आहे, दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देणार नाही. त्याच्या कानात माझं नाव आहे, मग सुई लावायचा हक्कही माझाच. तू फक्त त्याचं डोकं धर, लहानपणी माझं काटा काढताना धरायचास तसं. फोटोत पिवळी फीत विरलेली दिसली. नवी आणली आहे. ती बांधायची की नाही हे उद्या ठरेल, पण आणली आहे.

धूर दिसायची वाट बघणारी,
तू जिला राखायला बोकड सोडलास ती तुझी धाकटी,
नारमांदाख